जीटीओचा मूळ कार्ब्युरेटर कसा सापडला

मिशिगनमधल्या आमच्या गराजात १९६९ ची पॉन्टियाक जीटीओ ही जुनी अमेरिकन गाडी आहे. बाकी सगळं जागेवर आलं, पण आधीच्या मालकाने कार्ब्युरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भलताच बसवला होता आणि मला कारखान्यातून तिच्यावर आला होता तसाच हवा होता.

पहिला ऑनलाइन घेतला. विकणारा म्हणाला, ‘६९चाच आहे’. फोटोत नेमकी नंबराची बाजू नव्हती. हातात आला तर नंबर ७०४० ने सुरू होणारा, म्हणजे १९७० चा! फार वाईट वाटलं.

मग जुन्या पॉन्टियाक गाड्यांची कागदपत्रं पुरवणाऱ्या पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवली. गाडी मॅन्युअल गिअरची निघाली. तिचा कार्ब्युरेटर क्वाड्राजेट प्रकारचा. त्याचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या उभ्या कडेवर ठोकलेला असतो. ६९ साठी तो ७०२९ ने सुरू व्हायला हवा आणि मॅन्युअलला शेवटचा आकडा सहसा विषम. शिवाय चार आकडे तारखेचे असतात: पहिले तीन वर्षातल्या दिवसाचे, शेवटचा वर्षाचा. फायरवॉलवरच्या (इंजिनामागच्या पत्र्यावरच्या) पट्टीवर ०३बी होतं, म्हणजे गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. कार्ब्युरेटर त्याच्या थोडा आधीचाच हवा.

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात दोन दिवस टॉर्च आणि ब्रश घेऊन फिरलो. एका आजोबांच्या टेबलाखालच्या खोक्यात काळाकुट्ट क्वाड्राजेट होता. अंगठ्याने ग्रीस पुसलं: ७०२९, शेवटी ३. बाजूला ०४४९. वर्षाचा ४४वा दिवस, १३ फेब्रुवारी १९६९! माझा हात थरथरला.

घरी खोलून साफ केला. तळाचे प्लग झिरपत होते, ते इपॉक्सीने बंद केले. पेट्रोल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.