‘एरर २’च्या वर काय लिहिलंय?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. तो सोर्स कोडमधून स्वतः बनवायचा माझा पहिला बिल्ड थांबला तेव्हा स्क्रीनच्या तळाशी फक्त ‘मेक: एरर २’ दिसत होतं. त्या ओळीचा अर्थ शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि कारण त्या ओळीत नव्हतंच. बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ कमांडला ‘-जे ८’ दिलं की आठ कामं एकदम चालतात. एक मोडलं तरी बाकीची हातातलं पूर्ण करतात, त्यामुळे खरी चूक कितीतरी ओळी वर जाते. आता मी सगळं आउटपुट ‘टी’ कमांडने लॉग फाइलमध्ये घेतो आणि ‘एरर’ शब्द वरून खाली शोधतो. तरी उलगडलं नाही तर ‘-जे १’ देऊन पुन्हा ‘मेक’. झालेलं काम परत होत नाही, आणि चूक तळाशीच सापडते.

बहुतेकदा ती चूक म्हणजे न सापडलेली हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणारी ‘.एच’ फाइल. माझ्याकडे ‘ओपनएसएसएल/बायो.एच’ नाही असं आलं. पण ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) तर मशीनवर होतं, टर्मिनलमध्ये चालतही होतं! इथेच नवखे अडकतात. प्रोग्राम चालवायला लागणारी लायब्ररी एका पॅकेजात असते आणि तिच्यावर कोड कंपाईल करायला लागणारे हेडर दुसऱ्यात. डेबियन, उबुंटू या लिनक्स वितरणांवर त्या दुसऱ्याच्या नावाला ‘-डेव्ह’ लागतं, फेडोरावर ‘-डेव्हेल’. म्हणजे मला हवं होतं ‘लिबएसएसएल-डेव्ह’. ‘जीएल्फ.एच’ नसेल तर ‘लिबएल्फ-डेव्ह’. मेनूकॉन्फिगलाच (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूलाच) अडलात तर फ्लेक्स, बायसन आणि एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज आधी बघा. डीबग माहिती वाचणारं ‘पाहोल’ हे टूल तर फेडोरावर ‘ड्वार्व्ह्ज’ नावाच्या पॅकेजात मिळतं, तेव्हा नावावरून अंदाज बांधत बसू नका. ‘एपीटी-फाइल सर्च’ किंवा ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ला फाइलचं नाव द्या, पॅकेज कळतं. कोणतं टूल निदान कोणत्या आवृत्तीचं हवं, ते कर्नलच्याच सोर्समधल्या ‘डॉक्युमेंटेशन/प्रोसेस/चेंजेस’ या फाइलमध्ये आहे.

एका चुकीवर मात्र कुठलंही पॅकेज चालत नाही. ‘/बूट’मधली तयार कॉन्फिग फाइल (कर्नलच्या पर्यायांची यादी) उचलली, तर ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ या पर्यायांत वितरणाच्या स्वतःच्या सर्टिफिकेट फाइलचा पत्ता असू शकतो. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते, मग ‘नो रूल टू मेक टार्गेट’ येतं. दोन्ही पर्याय रिकामे करायचे.

बिल्ड झाला तरी जुना कर्नल ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, राहू द्या. बूट होताना ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणत नवा कर्नल पॅनिक झाला, म्हणजे तिथेच थांबला, तर बहुधा इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी फाइल सिस्टिम) बनलेलं नसतं किंवा डिस्कचा ड्रायव्हर सुटलेला असतो. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने कॉन्फिग छोटी होऊन बिल्ड लवकर होतो खरा, पण त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ती कमांड ठेवते. मी ती कमांड वायफायचा यूएसबी अडॅप्टर न लावता चालवली होती. नव्या कर्नलमध्ये वायफाय नव्हतं. जुन्या कर्नलवर येऊन मूळ कॉन्फिग परत घेतली, अडॅप्टर लावून ती कमांड पुन्हा चालवली आणि बिल्ड केला, तेव्हा ड्रायव्हर आला.