ब्लीडिंग हार्ट लावताना आधी जुलैचा विचार करा

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या नर्सरीत गेलं की ब्लीडिंग हार्टच्या कुंड्या दर्शनीच मांडलेल्या असतात. बारीक, वाकलेल्या दांडीवर पत्त्यांतल्या बदामासारखी गुलाबी फुलं ओळीने लटकलेली असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पांढरा थेंब असतो. बुंध्याकडची फुलं आधी उमलतात, टोकाकडच्या अजून कळ्याच असतात, त्यामुळे एकाच दांडीवर मोठ्यापासून मुगाएवढ्यापर्यंत सगळे आकार एकदम दिसतात. बघताक्षणी घ्यावंसं वाटतं आणि लोक घेतातही. मग जुलैत पानं पिवळी पडतात, रोप जमिनीवरून नाहीसं होतं, आणि ‘मेलं वाटतं’ म्हणून त्या जागी दुसरं काहीतरी खणून लावलं जातं.

ते मेलेलं नसतं. उन्हाळा तापला की वरचा सगळा भाग सोडून जमिनीखाली झोपी जायचं, ही या झाडाची रीतच आहे. म्हणून जागा ठरवताना फुलांचा मे महिना बघू नका. रिकामा जुलै बघा आणि त्यानुसार वाफा आखा. पुढचं सगळं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या पट्ट्यातल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. अमेरिकी कृषी खात्याने हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेल्या हवामान पट्ट्यांपैकी ३ ते ९ क्रमांकाच्या पट्ट्यांत हे झाड टिकतं, पण जितकं दक्षिणेला जाल तितकं ते लवकर झोपतं.

जागा आणि माती

हे झाड मूळचं सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान इकडचं. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकाने १८४०च्या दशकात ते चीनमधून इंग्लंडला पाठवलं आणि तिथून ते पाश्चात्त्य बागांत पसरलं. थंडीची त्याला भीती नाही. कडक हिवाळा तर त्याला हवाच असतो. सोसत नाही ते दुपारचं ऊन आणि साचलेलं पाणी.

सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली अशी घराची पूर्व बाजू उत्तम. ओकसारख्या पानझडी झाडाखालची जागाही चांगली, कारण वसंतात पानं फुटायच्या आधी तिथे भरपूर उजेड असतो आणि ब्लीडिंग हार्टला तो नेमका तेव्हाच लागतो. नॉर्वे मेपलखाली मात्र लावू नका. त्याच्या उथळ मुळांची जाळी पाणी आणि अन्न दोन्ही ओढून घेते.

मातीचा निचरा आधी तपासा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला तीन ते पाच सेंटिमीटर पाणी उतरलं तर काळजी नाही. चार-पाच तासांनीही खड्डा भरलेलाच असेल, तर तिथे वीस सेंटिमीटर उंचीचा वाफा करा किंवा दुसरी जागा शोधा. हिवाळ्यात चिकणमातीत पाणी साचून जमिनीखालचा मुळांचा गड्डा कुजतो. या झाडाला थंडीपेक्षा पाण्याने मरण येतं.

वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावरच, खणा. ओली चिकणमाती तुडवली की तिची ढेकळं होतात, आणि ती पुढे वर्षभर त्रास देतात. वरच्या पंचवीस-तीस सेंटिमीटर मातीत कंपोस्ट किंवा पानांचं कुजलेलं खत भरपूर मिसळा. सामू (पीएच) ६ ते ७च्या दरम्यान असावा. शंका असेल तर न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची मातीपरीक्षण प्रयोगशाळा आहे. इतर राज्यांतही कृषी विस्तार केंद्रांकडे चौकशी करता येते. परीक्षण न करता चुना टाकू नका.

लावणी

कुंडीतलं रोप वसंतात लावा. कुंडीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत जाऊ द्या.

वसंताच्या सुरुवातीला पाकिटात नुसत्या मुळांचे गड्डेही मिळतात आणि ते स्वस्त पडतात. ही मुळं जाड, मांसल आणि फार ठिसूळ असतात, जरा ओढलं की काटकन मोडतात. तासभर पाण्यात ठेवा, खड्ड्याच्या मधोमध मातीची उंचवटी करा, तिच्यावर मुळं पसरून ठेवा आणि हाताने माती लोटा. गड्ड्यावरचे गुलाबीसर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वरच्या बाजूला यायला हवेत आणि त्यांच्यावर तीन ते पाच सेंटिमीटरच माती असावी. पायाने दाबू नका; भरपूर पाणी दिलं की माती आपोआप बसते.

दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी ते जास्त वाटेल, पण स्थिरावलेलं झाड दोन-तीन फूट उंच होतं आणि जवळजवळ तितकंच पसरतं.

शेजारी कोण असावेत

जुलैचा प्रश्न इथे सुटतो. होस्टा (रुंद पानांचं, सावलीत वाढणारं झाड) आणि नेचे उशिरा जागे होतात. ब्लीडिंग हार्ट फुलावर असताना होस्टाची पानं नुकती उलगडत असतात, आणि ते पिवळं पडू लागेपर्यंत होस्टा फोफावून मोकळी जागा झाकून टाकतं. ब्लीडिंग हार्ट मागच्या बाजूला आणि होस्टा किंवा अस्टिल्बी (पिसासारख्या तुऱ्यांचं सावलीतलं फुलझाड) त्याच्या पुढे, दीड-दोन फुटांवर लावा. गड्ड्याला अगदी खेटून काही नको.

गड्ड्याशेजारी एक टिकाऊ खूण रोवा. ऑगस्टमध्ये वाफा मोकळा दिसला की हात शिवशिवतात आणि खुरपं थेट गड्ड्यात जातं.

ही झाकाझाकीच नको असेल, तर पूर्व अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांतली झालरीदार पानांची तिथलीच जात, डायसेंट्रा एक्झिमिया, घ्या. ती फूट-दीड फुटाचीच असते आणि फुलंही लहान, पण ओल राहिली तर झोपत नाही आणि अधूनमधून शरदापर्यंत फुलते. छोट्या बागेसाठी मी तिचीच शिफारस करेन.

वर्षभराची निगा

मार्च-एप्रिलमध्ये जमिनीतून तांबूस-जांभळे, मान मुडपलेले कोंब येतात. ते घाई करतात आणि उशिराच्या हिमकडाक्यात सापडतात. रात्री तापमान शून्याखाली जाणार असेल तर उपडी बादली किंवा जुनी चादर घाला आणि सकाळी काढा. याच वेळी बोटभर कंपोस्ट पसरलं की वर्षाचं खत झालं. रासायनिक खताने दांड्या लुसलुशीत होऊन लोळतात.

पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी द्या. पाच-सात सेंटिमीटर पानांचं आच्छादन घाला, पण ते गड्ड्यावर ढीग करून नको. मावा दिसला तर पाण्याचा फवारा पुरतो. गोगलगायी कोवळे कोंब खातात. त्या संध्याकाळी हाताने वेचून काढा.

फुलं सरली तरी हिरवी पानं कापू नका. पुढच्या वर्षीच्या फुलांची शिदोरी तीच पानं मुळांत भरत असतात. पूर्ण पिवळी पडली की मगच जमिनीलगत कापा. त्यानंतर रोज पाणी घालण्याची गरज नाही, फक्त माती अगदी कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका.

या झाडाच्या सर्व भागांत विषारी अल्कलॉइड असतात. लहान मुलं, कुत्री, मांजरं यांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि कापताना हातमोजे घाला, कारण चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. हरणं मात्र सहसा याला तोंड लावत नाहीत, आणि हरणांचा उपद्रव असलेल्या भागात ही मोठीच सोय आहे.

पुण्या-मुंबईत असाल तर

तिथे हिवाळा पुरेसा कडक नसल्यामुळे हे झाड टिकत नाही. बी किंवा गड्डे मागवून पैसे घालवू नका. आपल्याकडे ब्लीडिंग हार्ट म्हणून विकली जाणारी पांढऱ्या आवरणातल्या लाल फुलांची वेल हे वेगळंच झाड आहे. ती क्लेरोडेंड्रम, मूळची पश्चिम आफ्रिकेची. अर्धसावलीतल्या गॅलरीत मोठ्या कुंडीत ती छान चढते.

वाटणी

एकदा रुजलेल्या झाडाला हलवलेलं आवडत नाही. वाटणी करायचीच असेल तर पानं वाळल्यावर किंवा वसंतात कोंब दिसू लागताच करा. लांबून, खोल खणून पूर्ण गड्डा उचला, माती धुवा आणि धारदार सुरीने असे तुकडे करा की प्रत्येकाला दोन-तीन डोळे आणि मुळं राहतील. लगेच लावा. मैत्रिणीला द्यायचा तुकडा कुंडीत लावूनच द्या आणि उन्हाळ्यात तो नाहीसा होईल हे देतानाच सांगा.