काउंटरवरून निघालेल्या गोळीचं पुढं काय होतं: सोशल फार्मसीत पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी

गोळी कशी बनते, पोटात कशी विरघळते, रक्तात किती पोहोचते, हे बी. फार्म.ची चार वर्षं आपल्याला शिकवतात. काउंटरवरून निघाल्यावर त्याच गोळीचं काय होतं, याबद्दल फार कमी शिकवलं जातं. ती कोणाला परवडते? कोण महिन्याभरात सोडून देतं? फार्मासिस्टनं नीट समजावून सांगितलं तर फरक पडतो का? सरकारनं किंमत बांधून दिली की घराघरांत काय बदलतं? सोशल अँड अॅडमिनिस्ट्रेटिव्ह फार्मसी या प्रश्नांचा अभ्यास करते. पुण्यात बी. फार्म. करून मी अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठातून या विषयात पीएच.डी. केली. लॅब नाही, औषध बनवायचं नाही, मग फार्मसीत डॉक्टरेट कशाची, हा प्रश्न तुम्हाला घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे ऐकावा लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शोधाशोधीचं. हा विषय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पाटीखाली चालतो. मिनेसोटात सोशल अँड अॅडमिनिस्ट्रेटिव्ह फार्मसी, मिसिसिपीत फार्मसी अॅडमिनिस्ट्रेशन, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात फार्मास्युटिकल आउटकम्स अँड पॉलिसी, मेरीलँडला फार्मास्युटिकल हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च. पाटी काहीही असो, तिथले प्राध्यापक गेल्या तीन-चार वर्षांत काय छापताहेत ते बघा. कुठं अर्थशास्त्राकडे कल असतो, कुठं औषधांच्या दुष्परिणामांच्या साथरोगशास्त्राकडे, कुठं रुग्ण आणि फार्मासिस्ट यांच्यातल्या संवादाकडे. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी आता लागत नाही. त्या त्या विभागाच्या सूचना वाचून खात्री करा.

एसओपीवर, म्हणजे अर्जासोबतच्या 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' या निवेदनावर, मात्र मन लावून काम करा. लहानपणापासून आरोग्यसेवेची आवड होती, हे वाक्य निवड समितीनं शेकडो वेळा वाचलेलं असतं. माझ्या मते एसओपीचा जीव एका प्रश्नात असतो, आणि तो प्रश्न तुम्ही स्वतः पाहिलेला हवा. मेडिकलमध्ये कधी उभं राहिला असाल, तर बीपीच्या गोळ्या मागताना 'पूर्ण स्ट्रिप नको, पाचच द्या' म्हणणारी माणसं तुम्हाला भेटली असतील. पाच संपल्यावर ती परत येतात, की डोकं जड झालं तरच येतात? पगार झालेल्या आठवड्यात पूर्ण स्ट्रिप घेतात का? कापलेल्या तुकड्यावर एक्सपायरीची तारीख उरते का, आणि नसेल तर घरी कोण काय बघून गोळी देतं? अमेरिकेत नियमित घ्यायचं औषध सहसा ३० किंवा ९० दिवसांचं मोजून मिळतं. तिथं वाढलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न सहज सुचणार नाहीत. तुमच्याकडे ते आहेत, तेच लिहा.

आता अभ्यासाच्या गाभ्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घ आजारांत औषधं सांगितल्याप्रमाणे घेण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असतं. ते मोजतात कसं, इथून खरी मजा सुरू होते. विम्याच्या क्लेम्समध्ये एवढंच दिसतं की अमुक तारखेला अमुक दिवसांचं औषध नेलं. त्यावरून एकूण दिवसांपैकी किती दिवस औषध हाताशी होतं, हे काढतात. त्याला पीडीसी (प्रपोर्शन ऑफ डेज कव्हर्ड) म्हणतात, आणि तो ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर रुग्ण नियमित धरला जातो. मेडिकेअर हा अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा; त्यातल्या विमा योजनांना गुण देणाऱ्या स्टार रेटिंगमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या ठरावीक औषधांसाठी हाच हिशेब वापरतात. गोळी गिळली की कपाटात पडून राहिली, हे त्या डेटाला कळत नाही.

याच्याही पुढची अडचण कोरोनरी ड्रग प्रोजेक्टनं दाखवली, आणि मला विचाराल तर या विषयात येणाऱ्या प्रत्येकानं सर्वांत आधी हीच गोष्ट समजून घ्यावी. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट आणि आणखी काही औषधांची ती चाचणी होती. तिचं एक विश्लेषण १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. क्लोफायब्रेट ८० टक्के किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण १५.० टक्के होतं, कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. औषध नियमित घेतल्याचा केवढा फायदा, असं वाटतं ना? आता प्लासिबो, म्हणजे नुसती दिसायला तशीच गोळी घेणारा, गट बघा. नियमित घेणारे १५.१ टक्के, अनियमित २८.२ टक्के. त्या गोळीत औषधच नव्हतं! आजाराशी संबंधित ४० बाबींचा हिशेब लावून पाहिला, तरी १६.४ आणि २५.८ एवढं अंतर राहिलंच.

म्हणजे नेमानं गोळी घेणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो, आणि ते वेगळेपण आपल्या रकान्यांत बसत नाही. त्याची झोप, घरातलं माणूस, कामाच्या वेळा, डॉक्टरांवरचा विश्वास, यातलं क्लेम्समध्ये काय सापडणार? म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत बायोस्टॅटिस्टिक्स आणि इकॉनोमेट्रिक्सच्या जोडीला सिद्धांतांचे कोर्स असतात: डोनाबेडियनची रचना-प्रक्रिया-परिणाम ही चौकट, आरोग्यसेवेच्या वापराबद्दलचं अँडरसनचं मॉडेल, हेल्थ बिलीफ मॉडेल. आपली मुलं ही पाठांतराची गोष्ट समजून बाजूला टाकतात आणि सगळा जोर एसएएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरवर लावतात. सॉफ्टवेअर कोणीही शिकतो. डेटात काय नाही, हे सिद्धांतामुळे दिसतं.

सांख्यिकीची भीती असेल तर आत्ताच सुरुवात करा. अमेरिकेत १९९६ पासून मेप्स नावाचं सर्वेक्षण चालू आहे. त्यात एकेका कुटुंबाशी साधारण दोन वर्षांत पाच वेळा बोलून आजार, औषधं, खर्च आणि विमा यांची माहिती घेतात. त्याच्या फाइली फुकट आहेत, आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. दम्याच्या औषधांवर विमा असलेल्या आणि नसलेल्या घरांचा खर्च किती, एवढं एक कोष्टक स्वतः काढून पाहा. ते काढताना जे अडेल, तोच तुमचा खरा पहिला अभ्यासक्रम.

पैशांचं थोडक्यात: असिस्टंटशिप मिळाली तर आठवड्याला साधारण २० तास काम, त्या बदल्यात ट्यूशन माफ, दरमहा स्टायपेंड आणि बहुधा आरोग्यविमा. ट्यूशन माफ असली तरी विद्यापीठाच्या इतर फिया उरतात, त्या किती हे विचारून घ्या. उन्हाळ्यातले तीन महिने पैसे मिळतात का, हेही विचारा. टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून तुम्ही फार्म.डी.च्या मुलांना शिकवाल, आणि कोपे, डिडक्टिबल, पीबीएम, प्रायर ऑथरायझेशन ही अमेरिकी औषधविम्याची भाषा त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या विम्याची कागदपत्रं पूर्ण वाचून काढा. मला कुठल्याही पुस्तकाहून त्यांचा जास्त उपयोग झाला.

गाइड निवडताना सध्याच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला; ईमेलवर कोणी मनातलं लिहीत नाही. डेटा कोणाच्या मालकीचा आहे, मुलं किती वर्षांत बाहेर पडतात, गाइड मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, हे विचारायला लाजू नका. माझ्याबरोबरच्या एका मुलीचा गाइड ऐन प्रबंधाच्या काळात दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. तिला सांभाळून घेणारे दुसरे प्राध्यापक विभागात होते म्हणून ती निभावली. तुमच्या विषयाचा एकच माणूस असलेल्या विभागात जाण्याआधी दोनदा विचार करा.

कोर्स संपल्यावर प्रिलिम्स ही पात्रता परीक्षा, मग प्रपोजल, मग प्रबंध. प्रबंधाचा विषय अनेकदा एखादं धोरण बदलल्यावर हाती येतो. उदाहरणार्थ, जानेवारी २०२३ पासून मेडिकेअरमध्ये इन्शुलिनच्या प्रत्येक औषधासाठी रुग्णाच्या खिशातून महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त जाऊ नयेत अशी मर्यादा आली. आधी आणि नंतर, मेडिकेअरमध्ये असलेले आणि नसलेले, अशी तुलना मांडता येते. बातम्या वाचायची सवय या विषयात अभ्यासाचाच भाग आहे.

नोकऱ्या आहेत. औषध कंपन्यांचे एचईओआर (हेल्थ इकॉनॉमिक्स अँड आउटकम्स रिसर्च) विभाग, सल्लागार कंपन्या, विद्यापीठं. उन्हाळी इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकतानाच काम करायच्या परवानगीवर, करता येते. ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, आणि तुमच्या कार्यक्रमाचा कोड स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असेल तर २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. तो कोड अर्जाआधीच विचारा, आणि व्हिसाचे ताजे नियम विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडूनच घ्या. पण फक्त एचईओआरची नोकरी हवी असेल, तर स्पष्ट सांगते, एम.एस. करा. पाचेक वर्षं एका प्रश्नाशी झटण्याची ओढ नसेल तर पीएच.डी. माणसाला आतून थकवते.

परत येऊन काम करायचं मनात असेल तर सर्वेक्षण आणि मुलाखतींच्या पद्धतींचे कोर्स आवर्जून घ्या. जनऔषधी योजना २००८ पासून आहे, किंमत नियंत्रणाचा सध्याचा आदेश २०१३ चा, आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची सरकारी व्यवस्था २०१७ पासूनची. प्रश्नांना तोटा नाही. पण आपल्याकडे मेडिकलमधली बरीचशी खरेदी स्वतःच्या खिशातून होते, तिचे क्लेम्स कुठंच बनत नाहीत. पाच गोळ्या घेऊन गेलेल्या माणसाचा माग काढायचा तर त्याच्याशी बोलावंच लागतं.

अर्जांच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा शिफारसपत्रांसाठी सरांना किंवा मॅडमना दिवाळीआधीच भेटा. त्यांना तुमचा एसओपी वाचायला द्या, म्हणजे पत्रात तुमच्या कामाबद्दल नेमकं लिहिता येतं. आर्थिक मदतीसह ऑफर आली आणि लगेच हो म्हणायचा आग्रह झाला, तर घाबरू नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा ऑफरवर १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा असते. ते विद्यापीठ त्या यादीत आहे का, एवढं बघून घ्या.