पूल पैसे फेडेल का? कागदावर तपासायची पद्धत

पूल किंवा रस्ता परवडला की नाही, हे टोलच्या गल्ल्यावरून ठरत नाही. टोल हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. मोजायचं ते वाचलेलं इंधन, वाचलेला वेळ आणि टळलेले अपघात.

समजा, ४० कोटींच्या पुलामुळे १२ किलोमीटरचा वळसा टळणार आहे. आधी वर्दळ मोजा: सलग ७ दिवस, २४ तास, वाहनप्रकारानुसार. ऊसपट्ट्यात फक्त गळीत हंगामात मोजली तर आकडा फुगतो, म्हणून हंगामाबाहेरही एकदा मोजा. अहवालातले ‘पीसीयू’ (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे मोटारीच्या तुलनेत वाहन किती रस्ता अडवतं त्याचं माप) म्हणजे वाहनं नव्हेत; दोन आसांचा एक ट्रक ३ पीसीयू धरतात. इथेच बरेचजण फसतात. शिवाय मोजायची ती वळसा घालणारीच वाहनं.

अशी रोज ८०० वाहनं धरू. इंधन, टायर, झीज मिळून किलोमीटरला सरासरी १० रुपये, कर वगळून (करही सरकारच्याच खिशात जातो). ८०० × १२० × ३६५ म्हणजे वर्षाला सुमारे ३.५ कोटी. वाहनात सरासरी ३ माणसं, प्रत्येकाची २० मिनिटं, तासाला ५० रुपये: आणखी १.४६ कोटी. एकूण ४.९६ कोटी. देखभाल वर्षाला ४० लाख.

आता १२ टक्के दर लावा. आपल्याकडे रस्त्यांना हीच कसोटी रूढ आहे. म्हणजे पुढच्या वर्षीचे १०० रुपये आज ८९ धरायचे. वर्दळ वाढलीच नाही, तर देखभाल वजा जाता २० वर्षांचा लाभ आजच्या किमतीत ३४ कोटी, खर्च ४० कोटी. पूल तोट्यात. वर्षाला ५ टक्के वाढ धरली, की तोच लाभ ४८ कोटी! सगळा निकाल त्या ५ टक्क्यांवर टांगलेला आहे, त्यामुळे ते कुठून आले हे आधी विचारा.

उशीर तर त्याहून महाग. पैसा ओतून झाला आणि पोचरस्त्याची जमीन अडकल्यामुळे पूल दोन वर्षं पडून राहिला, तर ४८ चे ३८.६ कोटी होतात. खर्च रुपयाने वाढला नसतानाही पूल तोट्यात जातो. आणि खर्च वाढतोच: २५८ प्रकल्पांच्या २००२ मधल्या डॅनिश अभ्यासात रस्त्यांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी २० टक्के जास्त निघाला, रेल्वेचा ४५ टक्के.

लाभाच्या रकान्यात जमिनीची भाववाढ दिसली तर खोडा. वाचलेला वेळच भावात उतरलेला असतो, तो दोनदा मोजला जातो. बांधकामावरचा रोजगारही तिथे नको, मजुरी हा खर्च आहे. पुलामुळे नव्याने निघणाऱ्या फेऱ्यांना मात्र निम्मा लाभ द्या.

अहवालात खर्च १५ टक्के जास्त, लाभ १५ टक्के कमी आणि दोन्ही एकदम असा तक्ता असतो. त्यात उशिराची ओळ नसेल तर ती स्वतः मांडा, आणि वर्दळीची मूळ नोंदपत्रकं माहिती अधिकारात मागवा.