पिएमोंतेची वाईन प्यायला शिकायची असेल तर बारोलोपासून सुरुवात करू नका

इटलीची महाग वाईन म्हटलं की लोकांना बारोलो आठवते, मग हौसेनं तीच आणतात, उघडतात आणि दुसऱ्या घोटाला म्हणतात की तोंड नुसतं सुपारी चघळल्यासारखं झालं. वाईन चांगलीच असते हो, क्रम चुकलेला असतो. मी मूळची निफाडकडची, घरी द्राक्षबाग, आता बरीच वर्षं तोरिनोत (इंग्रजीत ट्युरिन) राहते आणि त्यातले दोन हंगाम नेइवेजवळ एका बागेत तोडणीला गेले, तेव्हा तिथं जे बघितलं त्यावरून सांगते की पिएमोंतेच्या वाईनला कुठून हात घालायचा.

आधी टेकडी बघायला शिका, द्राक्षाचं नाव नंतर. पिएमोंते म्हणजे डोंगराचा पायथा, वायव्य इटलीत, दोन-तीन बाजूंनी आल्प्स आणि आपेनिन्स. पण ज्या वाईनचं नाव होतं त्यातली बहुतेक लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो या टेकड्यांमधली, ज्यांना 2014 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. फेब्रुवारीत एकदा बागमालक आजोबांबरोबर धुऱ्यावर उभी होते, रात्री बर्फ पडलेला, आणि त्यांनी काही न बोलता फक्त हातानं दाखवलं: एका बाजूच्या उतारावरचा बर्फ दहा वाजेपर्यंत वितळून खालची राखाडी माती दिसायला लागलेली आणि त्याच टेकडीची दुसरी बाजू अजून पांढरीशुभ्र. दक्षिणेकडे तोंड असलेल्या त्या उताराला तिथं सोरी म्हणतात. जिथं बर्फ आधी जातो तिथं नेब्बिओलो, म्हणजे ज्याची बारोलो होते ते द्राक्ष, लावायचं, हा तिथला जुना हिशोब. बाकीच्या द्राक्षांना उरलेल्या जागा, म्हणजे दोलचेत्तो थंड आणि उंच जागी, बार्बेरा मधल्या उतारावर. आजही बारोलोच्या नियमात थेट उत्तरेकडे तोंड असलेला उतार चालत नाही.

नेब्बिओलोला एवढा मान का, तर ते फार नखऱ्याचं द्राक्ष आहे. फुटतं सगळ्यांच्या आधी आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे एप्रिलची कडक थंडी आणि ऑक्टोबरचा पाऊस, दोन्हींच्या तोंडी. नाव नेब्बिया म्हणजे धुक्यावरून आलं असं बरेच जण सांगतात, कारण तोडणीच्या दिवसांत खालच्या दऱ्या सकाळी धुक्यानं भरलेल्या असतात. आपल्याकडच्या बागवाल्यांना एक गोष्ट लगेच कळेल: या वेलीच्या काडीचे बुडाकडचे दोन-तीन डोळे घड देत नाहीत, म्हणून आखूड छाटून चालतच नाही, एक लांब काडी आठ-दहा डोळ्यांची ठेवून तारेवर वाकवून बांधावी लागते. ते आजोबा अजून वाळुंजाच्या ओल्या फोकांनी बांधायचे, प्लास्टिकची दोरी नाही, एका हातानं पीळ मारून टोक आत खोचायचं की झालं, मला तो पीळ जमायला पंधरा दिवस लागले. आणि छाटणी वर्षातून एकदाच! आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी असते कारण आपली वेल कधी झोपतच नाही, तिथं हिवाळाभर ती निपचित पडून असते. गारपिटीची भीती मात्र अगदी तीच, बऱ्याच बागांत ओळींच्या कडेनं जाळ्या लावलेल्या दिसतात.

माती म्हणाल तर ती मार्ल, म्हणजे चिकणमाती आणि चुना एकत्र बसून झालेला ठिसूळ खडक, साधारण 1 कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता त्याचा गाळ. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे ती निळसर राखाडी, तिथली वाईन जरा मऊ आणि वासाची. सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे जास्त जुनी, वाळूखडकाचे थर असलेली, तिथली वाईन कडक, उघडायला वर्षं घेते. तानारो नदीच्या पलीकडे रोएरोत वाळूच जास्त, तिथलं नेब्बिओलो हलकं लागतं.

आता प्यायचा क्रम. पहिली बाटली दोलचेत्तोची घ्या. नावाचा अर्थ छोटंसं गोड असा असला तरी वाईन गोड नाही, रंगानं जांभळी, आंबटपणा कमी, शेवटी बदामाच्या सालासारखी हलकी कडू चव. तिथले लोक रोजच्या जेवणाला हीच घेतात. लेबलवर दोलिआनी लिहिलेलं असेल तर तीही दोलचेत्तोच, त्या गावाची.

दुसरी बार्बेरा. हिच्यात उलटं आहे, आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच, म्हणून माझ्या मते आपल्या जेवणाबरोबर पिएमोंतेची कुठली लाल वाईन जमत असेल तर हीच. तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त टोचतात, त्यामुळे मटणाच्या रश्श्याबरोबर बारोलो म्हणजे दोघांचंही नुकसान, बार्बेरा मात्र रश्श्यावर लिंबू पिळल्यासारखी काम करते. बार्बेरानं वाईट दिवसही पाहिलेत, 1986 मध्ये स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्यानं इटलीत वीसहून जास्त माणसं गेली आणि सगळ्या पिएमोंतेची मान खाली गेली. त्याच दशकात जाकोमो बोलोन्या या माणसानं बार्बेरा छोट्या फ्रेंच ओक पिंपात मुरवून दाखवलं की हे द्राक्ष फक्त खानावळीचं नाही. आज चांगली हवी असेल तर लेबलवर बार्बेरा द'आस्ती किंवा नुसतं नित्सा शोधा, नित्साला 2014 पासून स्वतःचं वेगळं नाव मिळालंय.

तिसरी लांगे नेब्बिओलो. ही बारोलोची धाकटी बहीण समजा, तेच द्राक्ष, पण पिंपात ठेवायची सक्ती नाही, त्यामुळे लवकर पिता येते आणि खिशाला परवडते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा, रंग इतका फिका की खालची अक्षरं वाचता येतात, आणि रंगावरून हलकी समजून मोठा घोट घेतला की हिरड्या आवळतात. याला इंग्रजीवाले टॅनिन म्हणतात, आपल्याकडे तर तुरट हा नेमका शब्द आहेच, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी होते तशी. वास मात्र गुलाबाचा, थोडा चेरीचा, आणि जुनी झाली की डांबराचा. डांबर ऐकून दचकू नका, उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पहिला पाऊस पडतो तो वास आठवा, त्याच्या जवळचं काहीतरी.

हे तीन पचले की मग बार्बारेस्को, आणि शेवटी बारोलो. दोन्ही शंभर टक्के नेब्बिओलो. बारोलो 38 महिने मुरवावीच लागते, त्यातले 18 लाकडात. बार्बारेस्को 26 महिने, त्यातले 9 लाकडात. मोजणी तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून, म्हणजे 2020 ची बारोलो 1 जानेवारी 2024 च्या आधी दुकानात येऊच शकत नाही. रिझेर्वा लिहिलं असेल तर बारोलोला 62 महिने. बार्बारेस्कोची एक गोष्ट मला मराठी माणूस म्हणून फार जवळची वाटते: तिथं 1894 मध्ये दोमित्सिओ कावात्सा यांनी शेतकऱ्यांची सहकारी वाईनरी काढली, फॅसिस्ट काळात ती बंद पडली, आणि 1958 मध्ये गावच्या पाद्रींनी 19 छोट्या शेतकऱ्यांना एकत्र करून पुन्हा उभी केली. प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को हे नाव दिसलं तर डोळे झाकून घ्या, सहकाराची वाईन आहे आणि तिच्या तोडीची त्या भावात मिळणं अवघड.

लेबलवर बारोलोच्या खाली अजून एखादं नाव असेल, जसं की कान्नूबी, ब्रूनाते, बूस्सिया, तर तो त्या शिवाराचा उल्लेख. 2010 मध्ये बारोलोची अशी 181 नावं अधिकृत केली, त्यातली 11 अख्ख्या गावांची नावं. सगळी पाठ करायची गरज नाही. ला मोर्रा दिसलं की मऊ, सेर्रालुंगा दिसलं की थांबायची तयारी, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात निभावतं. साल बघताना 2010 आणि 2016 ही नावाजलेली. 2014 पावसाचं होतं, पण काळजीवाल्या माणसाची 2014 पण सुरेख निघते.

पांढऱ्यात आर्नेइस घ्या, रोएरोची. हे द्राक्ष साठच्या दशकात जवळजवळ संपलं होतं, नेब्बिओलोच्या ओळींत पाखरांना भुलवायला म्हणून दोन-चार वेली ठेवायचे तेवढंच. 1967 च्या सुमारास व्हिएत्ती घराण्याच्या आल्फ्रेदो कुर्रादो यांनी त्याची वेगळी वाईन करायला घेतली आणि ते वाचलं. पेअर आणि बदामाची चव, तळलेल्या माशाबरोबर छान.

आणि ज्यांना वाईन आवडतच नाही त्यांच्यासाठी मोस्कातो द'आस्ती! अल्कोहोल फक्त 5 टक्क्यांच्या आसपास, गोड, हलकी फसफसणारी. रस शून्याच्या जवळ थंड साठवतात, लागेल तसा बंद टाकीत आंबवतात आणि साखर शिल्लक असतानाच थंड करून आंबवणं थांबवतात, म्हणून ताज्या द्राक्षाची चव तशीच राहते. 6 ते 8 अंशांवर द्या, हापूसच्या फोडींबरोबर, आणि बाटली शक्य तितक्या ताज्या वर्षाची घ्या, साठवू नका.

बारोलो उघडायच्या दिवशी दोन-तीन तास आधी काचेच्या रुंद भांड्यात ओता. फार जुनी असेल तर ओतू नका, बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. 16 ते 18 अंश म्हणजे खोलीचं तापमान असं लिहिलेलं असतं पण ती खोली तिथली आहे, नाशिक-पुण्यात मार्चनंतर बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढा, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बरोबर मसालेदार काही नको, मुरलेलं चीज, लोण्यात परतलेले मशरूम, नाहीतर मंद आचेवर तास-दोन तास शिजवलेलं कमी तिखटाचं मटण. अर्धी उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या तासभर आधी बाहेर काढा, तरुण बारोलो असेल तर आदल्या दिवशी न आलेला गुलाबाचा वास बहुतेक त्या दिवशी येतो.