सशाचा गुडघा बरणीत टाकायच्या आधी

सशाच्या गुडघ्यातल्या कार्टिलेज-हाडाच्या सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायच्या पातळ चकत्या) काढणार असाल तर आधी एवढंच ठरवा, कॅल्शियम काढायचंय की ठेवायचंय, कारण एकदा गेलं की गेलं. कॅल्सीन-अलिझरिनची (नव्या हाडातल्या कॅल्शियमला चिकटणारे चमकते रंग) इंजेक्शनं दिली असतील, व्हॉन कोसा (हाडातलं खनिज दाखवणारा स्टेन) करायचा असेल किंवा आत टायटॅनियमचा स्क्रू असेल तर डिकॅलच्या (कॅल्शियम काढण्याच्या) वाटेला जाऊच नका, सरळ पीएमएमए रेझिन (तुकडा ज्यात घट्ट बसवतात ते ॲक्रिलिक प्लास्टिक), आणि त्यासाठी डायमंड ब्लेडच्या मशीनची तारीख आत्ताच मागून ठेवा. रेझिन घट्ट होताना तापतं, म्हणून बाटल्या थंड पाण्यात ठेवायच्या, नाहीतर बुडबुडे.

बाकी सगळ्यांना डिकॅल करून पॅराफिन (मेण). मसल नीट काढून टाका, १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन तुकड्याच्या वीसपट तरी हवं, दोन दिवस पुरतात. लेबल पेन्सिलनेच, मार्कर अल्कोहोलमध्ये धुऊन जातो आणि मग कुठला डावा कुठला उजवा करत बसा.

ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम काढणारं द्रावण, आदल्या दिवशीच करा. पावडर विरघळतच नाही, कितीही ढवळा दुधासारखं पांढरं राहतं, सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत गेलं की मग एकदम नितळ होतं, त्यानंतर पीएच ७.४ ला आणायचा. शेकरवर ठेवून दोन-तीन दिवसांनी बदलत राहायचं आणि कित्येक आठवडे जाणार हे धरूनच सबमिशनची तारीख सांगा. मी एकदा घाईत ईडीटीएऐवजी फॉर्मिक ॲसिड वापरलं, सॅफ्रानिन ओ (कार्टिलेज लाल रंगवणारा स्टेन) इतकं फिकं आलं की स्कॅफोल्डच (कार्टिलेज भरून यावं म्हणून बसवलेला सांगाडा) फेल गेलं असं वाटलं, नंतर बघितलं तर डिफेक्टच्या (कार्टिलेजमध्ये मुद्दाम केलेल्या खड्ड्याच्या) बाहेरचं चांगलं कार्टिलेजही तसंच फिकं! तेव्हापासून नॉर्मल गुडघा कंट्रोल म्हणून त्याच बरणीत, अर्थात पेन्सिलचं लेबल लावून. डिकॅल पूर्ण झालं का हे एक्स-रे काढून बघा, सुई टोचून नाही, ते भोक सेक्शनमध्ये दिसतं.

कापताना पॅराफिनचा ब्लॉक बर्फावर, ५ मायक्रॉन, कोटेड स्लाइड आधीच आणून ठेवा, साध्या स्लाइडवरून हाड सुटून पाण्यात तरंगतं. आयएचसी (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिन रंगवणं) असेल तर अँटिजेन रिट्रीव्हलला (अँटिबॉडी पोचावी म्हणून ते प्रथिन मोकळं करणं) उकळू नका, ६० डिग्रीला रात्रभर ठेवा किंवा पेप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम). आणि प्रत्येक ब्लॉकच्या दहा कोऱ्या स्लाइड जास्तीच्या काढा, गाइडना कोलॅजन टाइप २ची (कार्टिलेजचं मुख्य प्रथिन) आयएचसी हमखास ब्लॉक कापून संपल्यावरच आठवतं.