टॉमकॅटवर लॉगिन लावलंय, पण खरंच चालतंय का?

टॉमकॅट म्हणजे जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर. ॲपच्या वेब डॉट एक्सएमएल या सेटिंग फाइलमध्ये सिक्युरिटी कन्स्ट्रेंट, म्हणजे कुठलं पान कोणाला उघडेल याचा नियम, टाकला, ब्राउझरमध्ये लॉगिन पेज आलं, की आपण खूश होतो. पण तो ब्राउझर आधीच लॉगिन असतो बरेचदा, म्हणून इनकॉग्निटो उघडा किंवा सरळ कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) आतल्या पानाची यूआरएल मारा, कुकी न देता. बेसिक ऑथ (ब्राउझरची स्वतःची नाव-पासवर्डची खिडकी) असेल तर ४०१ स्टेटस (लॉगिन नाही) आला पाहिजे. फॉर्म लॉगिन (ॲपचं स्वतःचं लॉगिन पेज) असेल तर मात्र २०० (सगळं ठीक) दिसेल आणि काळजात धस्स होईल, कारण टॉमकॅट रिडायरेक्ट न करता त्याच रिक्वेस्टवर लॉगिन पेज देतो, तेव्हा स्टेटस नको, आत काय आलंय ते वाचा.

मग दुसरा, कमी रोलचा (कमी अधिकारांचा) युजर घेऊन ॲडमिनचं पान उघडा, ४०३ (परवानगी नाही) हवा. हे लोक हमखास विसरतात!

माझी एकदा फजिती झालेली, कन्स्ट्रेंटमध्ये फक्त गेट आणि पोस्ट या मेथड (रिक्वेस्टचे प्रकार) लिहिलेल्या, त्यामुळे पुट, डिलीट सगळं मोकळं रान. मेथडची नावं लिहूच नका, म्हणजे सगळ्यांना कुलूप लागतं.

लॉकआउट रेल्म, म्हणजे पासवर्ड सारखा चुकवणाऱ्याला रोखणारी टॉमकॅटची सोय, डिफॉल्टला ५ चुकीच्या पासवर्डनंतर ३०० सेकंद अडवतो, तर ५ वेळा मुद्दाम चुकवा आणि सहाव्यांदा बरोबर पासवर्ड टाका, तरी आत जाता आलं नाही पाहिजे. हे स्वतःच्या ॲडमिन आयडीवर नका करू हां, टेस्ट युजर बनवा.

लॉगिनच्या आधी आणि नंतर जेसेशनआयडी कुकी (सेशनची ओळख) पण बघा, बदललेली हवी.